काकू, त्या बारा पोळ्यांबद्दल

काकूंना सप्रेम नमस्कार,

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, हे मला माहीत आहे. मोबाइलवरची बारीक अक्षरं वाचायचा तुम्हाला वैताग येतो. तुमची लेक, ताई, पुण्याहून आली की ती वाचून दाखवील. तिला विचारूनच तिच्याविषयीचं थोडं खाली लिहिलं आहे. उघड पत्र लिहायचं कारण साधं आहे. समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही 'तवा तापलाय' म्हणता आणि आत जाता. आणि दुसरं म्हणजे आपल्या नाशकात, सिडकोत, अंबडला, सातपूरला माझ्यासारखं रात्री दार लावून खाणारं आणखी कोणीतरी असणार. त्याच्याही हाती हे पडावं.

दीड वर्ष मी तुमच्या पोळी-भाजी केंद्रातून आठवड्यातून तीन-चार वेळा बारा पोळ्या आणि दोन भाज्या नेत होतो. 'गावाकडून पाहुणे आलेत' हे माझं ठरलेलं वाक्य. बायको कळवण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगा तिच्याजवळ. दोघं शनिवारी यायची आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने जायची. मधले पाच दिवस घरात मी एकटा. पाहुणे कोणी नसायचेच. त्या पोळ्या मी खायचो. त्या संपल्या की बरणीतलं फरसाण, मुलासाठी आणून ठेवलेली बिस्किटं, फ्रिजमध्ये असेल ते. दिवा न लावता, ओट्याशी उभं राहून. गरम करण्याइतकाही धीर नसायचा. चव कळायची ती पहिल्या चार घासांची. पुढे हात आपला चालत राहायचा आणि मी जणू बाजूला उभा राहून त्याच्याकडे बघायचो. बस कर, असं मनात म्हणायचो, पण हात ऐकायचा नाही. पोट दुखायला लागलं, श्वास जड झाला की मग ते थांबायचं. त्यानंतर भांडी घासून जागच्या जागी ठेवायची. रिकामी पाकिटं पिशवीत कोंबून सकाळी कंपनीच्या कचरापेटीत टाकायची. गल्लीत येणाऱ्या घंटागाडीत ती पिशवी टाकायची हिंमत मला कधी झाली नाही.

यातलं सगळ्यात विचित्र म्हणजे भूक नसायची. आपल्याकडे जास्त खाणाऱ्याला 'भस्म्या झालाय का' म्हणतात. भस्म्या म्हणजे कितीही खाल्लं तरी न शमणारी भूक. माझं तसं नव्हतं. पोट भरलेलं असायचं, कधी कधी तर जेवण नुकतंच झालेलं असायचं, तरी हे सुरू व्हायचं. म्हणून मला स्वतःची जास्तच किळस यायची. भुकेला माणूस खातो यात काय चूक? मी मात्र भूक नसताना खातो, म्हणजे मी नुसता हावरट, असं मी स्वतःला सांगत होतो. कोणाला संशय येण्याचा प्रश्नच नव्हता. चारचौघांत मी कमीच खायचो. आणि पुरुषाने दाबून खाल्लं तर आपल्याकडे कौतुकच होतं. पंगतीत पैजेवर जिलब्या उडवणाऱ्याच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकलेल्या. हा आजार असू शकतो हे मला कुठून सुचणार?

कंपनीच्या वार्षिक तपासणीत साखर काठावर निघाली तेव्हा एका डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर न उचलता सांगितलं, तोंडाला कुलूप लावा. मी लावलं. जिममधल्या एकाने दिवसातून एकदाच जेवायला सांगितलं, तेही केलं. त्यात शनिवार, संकष्टी, एकादशी होतेच. आमचे वडील वारकरी. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेला ते दर वर्षी त्र्यंबकेश्वरी पायी जातात. त्यामुळे एकादशी आमच्या घरात पूर्वीपासूनची. पण खरं सांगतो काकू, मी उपास देवासाठी करत नव्हतो. आदल्या रात्रीचं फेडायला करत होतो. आणि उपासाच्या संध्याकाळी पुन्हा तेच.

तुम्हाला ती आषाढातली एकादशी आठवत असेल. सकाळी फर्स्ट शिफ्टला जाताना तुम्ही विचारलं होतं, साबुदाण्याची खिचडी बांधून देऊ का? मी म्हणालो, नको, आज फक्त पाणी. आणि संध्याकाळी सात वाजता तुमच्यापुढे उभा राहून मी बारा पोळ्या मागितल्या. तुम्ही पोळी लाटता लाटता थांबलात आणि म्हणालात, "भाऊ, पाहुण्यांना एकादशी नसते का?"

तुमच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी पैसे ठेवून निघून गेलो असतो आणि पुढच्या वेळेपासून पवननगरच्या केंद्रातून पोळ्या आणल्या असत्या. तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत, ताटात दोन पोळ्या, वांग्याची भाजी, वरण-भात वाढलात. मी म्हणालो, एकादशी आहे. तुम्ही म्हणालात, "आजारी माणसाला उपास नसतो. गर्भार बाईला नसतो, म्हाताऱ्याला नसतो, आजाऱ्याला नसतो." मी म्हणालो, मी कुठे आजारी आहे? तुम्ही म्हणालात, "आहात."

आजवर मला खादाड म्हणणारे, बकासुर म्हणणारे, मनाचा निग्रह नाही म्हणणारे पुष्कळ भेटले. आजारी म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. मग तुम्ही ताईबद्दल सांगितलंत. कॉलेजच्या होस्टेलवर असताना तिचंही असंच चाले, सुट्टीत घरी आली तेव्हा गादीखाली वेष्टनं सापडली. "मी तिला हावरट म्हटलं, भरल्या ताटावरून उठवलं," असं म्हणताना तुम्ही पदराने तोंड पुसलंत. "तेव्हा मला कळलं नाही. तुमचं कळतंय, तर गप्प कशी बसू?" एका अनोळखी गिऱ्हाइकापुढे स्वतःची एवढी मोठी चूक उघडी करायला किती धैर्य लागतं, हे मला पुढे माझं सांगायची वेळ आली तेव्हा समजलं. ताईला ज्यांनी बरं केलं त्या डॉक्टरांचा नंबर तुम्ही बिलाच्या पावतीमागे लिहून दिलात. ती पावती अजून माझ्या पाकिटात आहे.

गंगापूर रोडच्या त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला मी आणखी तीन आठवडे लावले. त्यांनी वजनकाट्यावर उभं केलं नाही, प्रश्न विचारले. थोड्या वेळात, म्हणजे साधारण दोन तासांच्या आत, एरवी कोणी खाणार नाही इतकं खाता का? त्या वेळी हात थांबवता येत नाही असं वाटतं का? नेहमीपेक्षा भराभर खाता का? त्रास होईपर्यंत? भूक नसताना? लाज वाटते म्हणून एकटे? नंतर स्वतःची घृणा येते का? आठवड्यातून एकदा तरी, तीन महिन्यांपासून? प्रत्येक प्रश्नाला मी हो म्हणत गेलो आणि मध्येच रडू आलं. माझ्या स्वयंपाकघरातलं अंधारातलं जे कोणी पाहिलं नव्हतं, ते या बाईंच्या कागदावर आधीच छापलेलं होतं! म्हणजे असा मी एकटा नव्हतो. शेवटी त्यांनी विचारलं, खाल्लेलं ओकून काढता का, जुलाबाच्या गोळ्या घेता का? नाही म्हणालो. तसं नेहमी होत असेल तर तो बुलिमिया, दुसरा आजार. माझा तो बिंज ईटिंग डिसऑर्डर.

नाव इंग्रजी असलं तरी आजार नवा नाही. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकर्ड यांनी १९५९ मध्येच अशा खाण्याचं वर्णन केलं होतं. पण तिथल्या मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात तो स्वतंत्र आजार म्हणून यायला २०१३ साल उजाडलं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यातही तो आहे. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेल्या बायका शंभरात साडेतीन आणि पुरुष दोन निघाले होते. तो आकडा तिकडचा. तरी कॅन्टीनमध्ये शिफ्टची सगळी माणसं एकदम जेवायला बसली की मला तो आठवतो आणि मी उगाच एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत राहतो.

डॉक्टरांनी नैराश्यासाठी एक गोळी दिली आणि त्यांच्याकडच्याच मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे दर आठवड्याला पाठवलं. मॅडमनी पहिल्याच दिवशी जे सांगितलं ते ऐकून मला वाटलं, यांचं काहीतरी चुकतंय. त्या म्हणाल्या, तुम्हाला वेळेवर खायचं आहे. दिवसातून तीन जेवणं आणि मध्ये दोनदा थोडं काहीतरी. दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नको. रोज वजन करायचं नाही. आणि काही महिने एकही उपास नाही. मी तिथे खाणं कमी करायला गेलो होतो!

मग त्यांनी मला मिनेसोटाची गोष्ट सांगितली. ती मी तुम्हाला सांगितली होती, पण त्या दिवशी दुकानात गर्दी होती, म्हणून पुन्हा लिहितो. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. तरुण स्वखुशीने आलेले. युद्धाने उपाशी पडलेल्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे शोधायचं होतं. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शाने उतरलं. पण खरं नवल पुढेच आहे. या पोरांना दिवसरात्र अन्नाशिवाय दुसरं सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. आणि पुढे हवं तितकं अन्न मिळू लागलं, तेव्हा त्यांच्यातल्या काहींना पोट टम्म होऊनही खाणं थांबवता येईना. यांच्यात कोणी हावरट नव्हता. धडधाकट, निवडून घेतलेली माणसं होती ती.

मी घरी येताना मोटरसायकल लेखानगरला बाजूला लावून थांबलो. आपली म्हण आहे ना, एकादशी आणि दुप्पट खाशी. ती आपण ढोंगी माणसाला चिडवायला वापरतो. माझ्या बाबतीत ती आजाराचं कारणच सांगत होती. एकादशी, म्हणूनच दुप्पट. मॅडमनी लिहायला दिलेल्या वहीतही तेच उतरलं. कधी खाल्लं, कुठे, त्याआधी काय घडलं, एवढंच लिहायचं होतं. पहिल्या महिन्यात चौदा वेळा तसं खाणं झालं, त्यातलं नऊ वेळा उपासाच्या किंवा जेवण चुकवल्याच्या दिवशी. उरलेल्या पाच वेळांपुढे मी लिहिलं होतं, घर रिकामं. सगळ्यांचं असंच असतं असं नाही. काहींचं असं खाणं आधी सुरू होतं आणि पोट मारणं नंतर येतं. काहींच्या मुळाशी लहानपणापासून शरीरावर ऐकलेले टोमणे असतात, काहींच्या घराण्यातच असतं. माझं मात्र उपाशी पोट आणि रिकामं घर, या दोघांनी मिळून केलेलं होतं.

वेळेवर खा, हे सांगायला सोपं. शिफ्ट करणाऱ्याने ते जमवायचं कसं? फर्स्टला पहाटे सहाला घर सोडायचं, सेकंडला रात्री साडेबाराला घरी. इथे काकू, तुम्ही जे केलंत त्याचं मोल मला कधी ठरवता येणार नाही. तुम्ही माझ्याकडून शिफ्टचा कागद मागून घेतलात आणि गॅसशेजारच्या कॅलेंडरवर आठवड्यांपुढे 'फ' आणि 'से' लिहिलंत. मोठ्या डब्याबरोबर एक छोटा डबा सुरू केलात. त्यात कधी धपाटं, कधी उकडलेल्या शेंगा, कधी राजगिऱ्याचा लाडू आणि केळं. सेकंड शिफ्ट असली की तो साडेपाचला खायचा, भूक असो नसो. साडेपाचला मशीनवरून दहा मिनिटं सुटका मिळावी म्हणून मला सुपरवायझरशी बोलावं लागलं, पोटाचा त्रास आहे एवढंच सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

तुम्ही मला एकदाही 'कमी खा' म्हणाला नाहीत. 'बारीक झालात हो' असंही कधी म्हणाला नाहीत. मॅडमनी घरच्यांसाठी ज्या सूचना दिल्या होत्या त्यात हे दोन्ही होतं. तुम्हाला तो कागद न वाचताच ते कसं कळलं, याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, ताईच्या ताटाने ते तुम्हाला शिकवलं.

आता तो दिवस. अकरा आठवडे बरे गेले होते. कंपनीत ग्राहकाचं ऑडिट होतं, माझ्या सहीने गेलेला एक अख्खा लॉट परत आला आणि सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. दुपारचा डबा तसाच राहिला. संध्याकाळी तुमच्यापुढे उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, बारा पोळ्या द्या. पाहुण्यांचं नाव मी घेतलं नाही, तुम्हीही विचारलं नाही. तुम्ही मोजून बारा दिल्यात. मी पैसे काढले तर म्हणालात, राहू द्या, वहीत लिहिते. लिहिलंत, वही मिटलीत आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "उद्या सकाळी आठला नाश्त्याला या. हे उपाशी राहून फेडू नका."

त्या रात्री मी सगळं खाल्लं. लपवण्यात अर्थ नाही. पण सकाळी नेहमीसारखी मनातली शिक्षा सुरू झाली, आज दिवसभर काही नको, आणि त्या शिक्षेच्या आड तुमचं ते वाक्य आलं. आठला आलो. तुम्ही पोहे वाढलेत, रोजच्या एवढेच, वर शेव आणि लिंबाची फोड. भाताला फोडणी देता देता हवापाण्याच्या गप्पा मारल्यात. दुपारी डबा खाल्ला, साडेपाचला छोटा डबा खाल्ला, आणि त्या संध्याकाळी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, हेच मी तुम्हाला दोन महिने सांगते आहे, एकदा घसरलात तर पुढचं जेवण वेळेवर, ठरलेलं तेवढंच. त्या सांगत होत्या ते मला डोक्याने समजलं होतं. पोटाला समजलं ते तुमच्या पोह्यांनी.

त्याच शनिवारी बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, मला वाटत होतं तुम्ही पिता. वर्षभर ती बिचारी दर शनिवारी आल्याबरोबर बाटल्या शोधत होती आणि मला कळू देत नव्हती. त्या रात्री आम्ही खूप दिवसांनी नीट बोललो. वडिलांना सांगणं जास्त अवघड वाटत होतं. एकादशी सोडली, हे वारकऱ्याला कसं सांगायचं? त्यांना तुमचेच शब्द सांगितले, आजाऱ्याला उपास नसतो. ते हूं म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या एकादशीला दुपारी एक वाजता त्यांचा फोन आला. जेवलास का, एवढंच विचारलं.

पूर्ण बरा झालो असं मी लिहीत नाही. गेल्या तीन महिन्यांत दोनदा हात सुटला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी नाश्ता केला. वजनाबद्दल मुद्दामच काही लिहीत नाही, कारण हे वाचणारा पहिला प्रश्न तोच विचारील आणि माझा आजार काट्यावर दिसत नव्हता. तो कोणत्याही अंगकाठीच्या माणसाला होऊ शकतो, ताईला तर कोणीही सडपातळच म्हटलं असतं. आणि ज्याला कोणी पावतीमागे नंबर लिहून देणारं नाही, त्याच्यासाठी सरकारची टेलीमानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येतं. तिथे फोन करताना पहिलं वाक्य काय बोलावं हे सुचत नसेल तर 'मला खाणं थांबवता येत नाही' एवढं पुरे. मीही डॉक्टरांपुढे एवढंच बोललो होतो.

काकू, त्या दिवशीचे बारा पोळ्यांचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा वही सापडत नाही म्हणालात. मी आता विचारणार नाही.

उद्यापासून सेकंड शिफ्ट आहे, कॅलेंडरवर 'से' लिहून ठेवा. डबे मी दोनला न्यायला येतो. शनिवारी बायको आणि मुलगा येतील, त्यांच्यासाठी सहा पोळ्या जास्त. या वेळी पाहुणे खरेच आहेत.

तुमचा,
मागच्या गल्लीतला भाऊ